भरलेल्या पोटऱ्यांच्या आत

मुलाच्या पोटऱ्या भरलेल्या असल्या की घरात कौतुक होतं. पोरगं पुढे पहिलवान होणार, असं आजी सांगत सुटते. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारात मात्र त्या भरीव पोटऱ्या हीच धोक्याची खूण असते. तीन-चार वर्षांचा मुलगा धावताना इतरांच्या मागे पडतो, जिना चढताना कठडा धरतो. पाटावरून उठायचं झालं की आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर, तिथून मांड्यांवर टेकत टेकत स्वतःच्याच अंगाला धरून उभा राहतो. लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८७९ साली या उठण्याचं बारकाईने वर्णन केलं आणि आजही ही खूण त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पोटरीतले काही तंतू सुरुवातीला खरोखरच जाड होतात. पुढे मात्र त्यांच्या जागी चरबी आणि चिवट, जखमेच्या वणासारखी ऊती भरत जाते. आकार तसाच राहतो, ताकद निघून जाते.

साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातला दोष त्याच्या मुळाशी असतो. माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी हे एक, ७९ तुकड्यांचं. बॉस्टनमध्ये लुई कंकेल आणि एरिक हॉफमन यांच्या गटाने १९८६-८७ मध्ये ते शोधलं आणि त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला डिस्ट्रॉफिन हे नाव दिलं. स्नायूचा तंतू प्रत्येक वेळी आखडताना त्याच्या बाहेरच्या पडद्यावर ताण येतो. डिस्ट्रॉफिन आतला सांगाडा आणि हा पडदा यांना जोडून ठेवतं. ते नसेल तर नुसतं चालण्या-धावण्यानेही पडदा जागोजागी फाटतो. मग कॅल्शियम आत शिरतं, पेशी मरते, सूज येते. शरीर नवे तंतू तयार करतं, तेही फाटतात. काही वर्षांनी दुरुस्तीची ही ताकद संपते आणि मोकळ्या जागेत चरबी येऊन बसते.

हे सगळं कातडीच्या आत, हळूहळू आणि वर्षानुवर्षं चालतं. बाहेरून ते दिसणार कसं? ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या गिओम डुशेन यांनाही हाच प्रश्न पडला होता. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये त्यांनी एक सुईसारखं हत्यार बनवलं. ते स्नायूत खुपसायचं, आतला कणभर तुकडा बाहेर काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. जिवंत माणसाच्या स्नायूत काय चाललंय, हे पाहण्याचा तो मोठाच धाडसी मार्ग होता. आजची बायोप्सी त्याच वाटेने आलेली आहे. तिची अडचणही तेव्हापासून तीच आहे. हा आजार सगळ्या स्नायूंना सारखा पोखरत नाही. एका स्नायूतही एक भाग गेलेला आणि शेजारचा शाबूत असतो. तांदळाएवढ्या तुकड्यावरून अख्ख्या पायाचा अंदाज बांधायचा कसा? आणि तेच पाहण्यासाठी लहान मुलाला दर सहा महिन्यांनी टोचायचं कसं? या दोन प्रश्नांमुळेच स्नायूंच्या डॉक्टरांना सोनोग्राफी आणि एमआरआयची गरज भासली.

आधी सोनोग्राफीचं पाहू. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात व्हिक्टर डुबोविट्झ यांच्या गटाने १९८० च्या सुमारास मुलांच्या मांड्यांवर हे यंत्र लावून पाहिलं. निरोगी स्नायू त्यात बराचसा काळा दिसतो आणि त्याखाली हाडाची पांढरी रेघ ठळक उठते. आजारी स्नायूत चरबी आणि तंतू यांच्या असंख्य सीमा तयार झालेल्या असतात. ध्वनिलहरी प्रत्येक सीमेवरून परततात, म्हणून स्नायूच पांढुरका, दुधी काचेसारखा दिसू लागतो. लहरी खोलवर पोचेनाशा होतात आणि हाडाची रेघ पुसट होत होत नाहीशी होते. या पांढरेपणाच्या चार पायऱ्या त्याच गटातल्या हेकमॅट यांनी ठरवल्या आणि त्या आजही वापरात आहेत. भूल लागत नाही, किरणोत्सर्ग नाही, मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतानाही तपासणी होते. छोट्या गावातल्या दवाखान्यातही हे यंत्र असतं, म्हणून मला या पद्धतीची किंमत फार वाटते. तिचा कमकुवतपणा एवढाच, की चित्र यंत्राच्या सेटिंगवर आणि हाताच्या सवयीवर अवलंबून असतं, त्यामुळे दोन ठिकाणची चित्रं शेजारी ठेवून तुलना करणं कठीण जातं. त्याच सुमारास सीटी स्कॅनही वापरला गेला. चरबी त्यात उत्तम दिसते. पण पुन्हा पुन्हा क्ष-किरण घ्यावे लागतात आणि वाढत्या वयाच्या मुलासाठी ते योग्य नाही.

खरा पालट एमआरआयने घडवला. मांडीचा आडवा छेद दाखवणारं एक चित्र डोळ्यांपुढे आणा. कातडीखालच्या चरबीचं पांढरं वर्तुळ बाहेर. मध्यभागी मांडीचं हाड, कडेने काळं आणि आतली मज्जा पांढरी. या दोहोंच्या मध्ये डझनभर स्नायू आपापल्या आकारात बसलेले, निरोगी माणसात सगळे करडे-काळे. नऊ-दहा वर्षांच्या डुशेनग्रस्त मुलाच्या चित्रात मात्र मांडीच्या आतल्या-मागच्या बाजूचा मोठा स्नायू, अ‍ॅडक्टर मॅग्नस, जवळजवळ पांढरा झालेला दिसतो. कुल्ल्याचा मोठा स्नायूही लवकरच जातो. समोरच्या चार स्नायूंमध्ये पांढऱ्या रेषा आणि ठिपके पसरलेले. आणि या पांढऱ्या पसाऱ्यात दोन स्नायू अजून काळेभोर: ग्रॅसिलिस आणि सार्टोरिअस, मांडीच्या आतून आणि समोरून तिरके जाणारे दोन लांब पट्टे. तोच मुलगा, तेच सदोष जनुक, तेच रक्त, तरी हे दोघे बरीच वर्षं तग धरतात. असं का, याचं समाधानकारक उत्तर वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. ज्या दिवशी ते सापडेल त्या दिवशी उपचाराची एक नवी दिशा उघडेल, असं मला मनापासून वाटतं.

कोण आधी जातो आणि कोण टिकतो, याचा हा नमुना प्रत्येक प्रकारच्या डिस्ट्रॉफीत वेगळा असतो. डिस्फर्लिन या प्रथिनाच्या अभावात पोटरीचे स्नायू लवकर जातात. कॅल्पेन या प्रथिनाच्या दोषात मांडीच्या मागच्या आणि आतल्या बाजूवर घाव येतो. चेहरा आणि खांद्यांच्या डिस्ट्रॉफीत उजवी आणि डावी बाजू सारखी नसते. एका पायाचा नडगीचा स्नायू पूर्ण पांढरा आणि दुसऱ्याचा ठणठणीत, असंही दिसतं. कोलॅजनच्या एका दोषात स्नायू आधी कडेने जातो आणि गाभा टिकतो. जाणकार रेडिओलॉजिस्ट हा नमुना पाहून जनुकतज्ज्ञाला सांगतो, शोध कुठून सुरू करायचा. जनुकीय तपासणीचा निकाल संदिग्ध आला तर या चित्रामुळेच गाठ सुटते. डिस्फर्लिनच्या रुग्णांना तर याचा विशेष उपयोग आहे, कारण त्यांच्या स्नायूत सूज दिसते म्हणून आजार प्रतिकारशक्तीचा समजला जातो आणि काहींना वर्षानुवर्षं स्टेरॉइडं दिली जातात. ती डिस्फर्लिनच्या आजारावर काम करत नाहीत.

इथे एका भारतीय डॉक्टरांचा उल्लेख केलाच पाहिजे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. सुनील प्रधान यांनी कुठल्याही यंत्राशिवाय, नुसत्या नजरेने ओळखता येतील अशा खुणा नोंदवल्या. डिस्फर्लिनच्या रुग्णाने गुडघे किंचित वाकवून उभं राहिलं की मांडीच्या समोर चौकटच्या आकाराचा उंचवटा उठतो. डुशेनच्या मुलाने हात खांद्याच्या रेषेत वर धरले की पाठीमागे, काखेच्या वर, दोन फुगीर स्नायूंच्या मध्ये एक दरी दिसते. यंत्र नंतर जे दाखवतं त्याची ही बाहेरून दिसणारी बाजू. परिघावरच्या डॉक्टरांना या खुणा शिकवल्या तर कितीतरी मुलांची फरफट वाचेल.

आता थोडं यंत्राच्या आत डोकावू. मांडी पांढरी दिसते, एवढं डोळ्यांनी कळतं. पण किती पांढरी? गेल्या वर्षीपेक्षा किती जास्त? त्यासाठी आकडा हवा. १९८४ मध्ये थॉमस डिक्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याची सुबक युक्ती मांडली. एमआरआय शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संदेश ऐकतो. हा हायड्रोजन पाण्यातही असतो आणि चरबीतही. नेहमीच्या दीड टेस्ला ताकदीच्या यंत्रात ही अणुकेंद्रं सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख फेरे घेतात. चरबीतली मात्र पाण्यातल्यांपेक्षा किंचित मागे पडतात, सेकंदाला जेमतेम २२० फेऱ्यांनी. दिंडीतले दोन टाळकरी, एकाची लय दुसऱ्यापेक्षा केसभर संथ. काही क्षणी दोघांचे टाळ एकदम पडतात, काही क्षणी बरोबर उलट. एमआरआयमध्ये हे एकत्र पडणं दर साडेचार मिलिसेकंदांनी येतं आणि उलट पडणं त्याच्या निम्म्यावर. दोन्ही क्षणी चित्र घ्यायचं. पहिल्यात पाणी आणि चरबी यांची बेरीज मिळते, दुसऱ्यात वजाबाकी. पुढचं गणित शाळेतलं: बेरीज आणि वजाबाकी दोन्ही माहीत असतील तर मूळ दोन्ही संख्या काढता येतात. अशी चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातली चरबी टक्क्यांत कळते. ना सुई, ना शिरेतून औषध.

या टक्क्याला संशोधनात एवढं महत्त्व का आलं, ते समजून घेण्यासाठी मुलाच्या वाढीकडे पाहावं लागेल. औषध लागू पडतंय का, हे पाहायचं तर मुलाला सहा मिनिटं चालायला लावून अंतर मोजतात. जमिनीवरून उठायला आणि चार पायऱ्या चढायला किती सेकंद लागले, तेही मोजतात. पण सहा-सात वर्षांपर्यंत मूल वाढत असतं. पाय लांब होतात, तोल सुधारतो, समज वाढते. आजार आतून स्नायू खात असतो आणि तरी मुलगा गेल्या वर्षीपेक्षा जास्त अंतर चालतो. आईवडिलांना वाटतं, आराम पडतोय. वाढीचा हा पडदा डॉक्टरांनाही फसवतो आणि औषधाच्या चाचणीलाही. शिवाय चालण्याची परीक्षा मुलाच्या मनावर, झोपेवर आणि त्या दिवशीच्या रुसव्यावरही अवलंबून असते. चरबीचा टक्का यातल्या कशावरही अवलंबून नसतो.

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१० पासून तीन केंद्रांनी मिळून डुशेनच्या मुलांचा वर्षानुवर्षं एमआरआय करत मागोवा घेतला. चालणं स्थिर राहिलेल्या, किंबहुना सुधारलेल्या मुलांच्या पायांतही चरबी वाढताना त्यांना दिसली. दुसरी गोष्टही हाती आली. चरबी येण्याआधी स्नायूत सूज असते, म्हणजे पाणी साचलेलं असतं. एमआरआयचा टी-टू नावाचा आकडा हे पाणी टिपतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांत तो वाढलेला असतो आणि स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांत कमी असतो. म्हणजे औषधाचा गुण मुलाच्या चालीत उतरण्याआधीच स्नायूत पाहता येतो. माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. चरबी एकदा भरली की ती परतवण्याचा उपाय आज कोणाकडे नाही. जे वाचवायचं ते सूज असताना, तंतू जिवंत असतानाच वाचवावं लागतं.

गिव्हिनोस्टॅट या औषधाची कथा यात फार बोलकी आहे. चाचणीची आखणी करतानाच संशोधकांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या व्हॅस्टस लॅटरॅलिस या स्नायूतली चरबी एमआरआयच्याच तंत्राने मोजली आणि पाच टक्क्यांहून जास्त पण तीस टक्क्यांपर्यंत चरबी असलेली मुलं मुख्य तुलनेसाठी धरली. पाचच्या खाली असलेल्या मुलाचा स्नायू इतका शाबूत, की दीड वर्षात फरक दिसणारच नाही. तीसच्या वरच्याचा इतका गेलेला, की औषधाला वाचवायला फारसं काही उरलेलं नाही. मधल्या मुलांतच औषधाची खरी परीक्षा होते. दीड वर्षाअखेर चार पायऱ्या चढण्याचा वेळ औषध घेणाऱ्यांमध्ये सरासरी सव्वा सेकंदाने वाढला, तर न घेणाऱ्यांमध्ये तीन सेकंदांनी. स्नायूतली चरबीही औषध घेणाऱ्यांत कमी वाढली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सहा वर्षं आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी त्याला मान्यता दिली. हे औषध आजार बरा करत नाही, वेग कमी करतं. तरी एवढा लहान फरक ठामपणे दाखवता आला यात योग्य मुलं निवडण्याचा वाटा मोठा होता.

पायांबद्दल एवढं बोलताना हृदय विसरून चालणार नाही, कारण हृदय हाही स्नायूच आहे आणि आज डुशेनच्या तरुणांचा जीव बहुतेक वेळा तिथेच धोक्यात येतो. हा मुलगा फार चालत-धावत नाही, म्हणून धाप लागत नाही, म्हणून हृदयाचा त्रास उशिरापर्यंत कळत नाही. इकोमध्येही पंप करण्याची ताकद बराच काळ ठीक दिसते. एमआरआयमध्ये मात्र शिरेतून गॅडोलिनियम हे द्रव्य देऊन दहा-पंधरा मिनिटांनी चित्र घेतलं तर डाव्या कप्प्याच्या मागच्या-बाहेरच्या भिंतीत, बाहेरच्या थरात, एक पांढरी रेघ उमटते. तिथे स्नायू जाऊन वण तयार झालेला असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अशी खूण दिसणाऱ्या, पण पंपाची ताकद अजून ठीक असलेल्या मुलांना एप्लेरेनोन हे साधं, जुनं औषध दिलं आणि वर्षभरात त्यांच्या हृदयाची घसरण कमी झाली. आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात, की निदान होताच वर्षातून एकदा हृदय तपासावं आणि सहा-सात वर्षांपासून, मूल भुलेशिवाय पडून राहू शकत असेल तर, त्यासाठी एमआरआय वापरावा. हे सदोष जनुक वाहणाऱ्या आयांच्या हृदयालाही धोका असतो. मुलाच्या धावपळीत आईची तपासणी कायम मागे राहते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

भुलेचा मुद्दा गंभीर आहे. या मुलांना सक्सिनिलकोलीन हे स्नायू ढिले करणारं औषध दिलं गेलं तर रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकतं, आणि हुंगवून देण्याच्या भुलेनेही स्नायू वेगाने विरघळू शकतात. म्हणून एमआरआयसाठी भूल देणं शक्य तितकं टाळतात. त्याऐवजी मुलाला आधी खोट्या यंत्रात झोपवून सराव देतात, आवाजाची सवय करतात, आत कार्टून दाखवतात. मोठ्या मुलांच्या अडचणी वेगळ्या. गुडघे आखडल्यामुळे पाय सरळ होत नाहीत, पाठीचा कणा वाकल्याने सपाट झोपवत नाही, कण्यात धातूची सळई बसवली असेल तर तेवढं चित्र विस्कटतं.

म्हणून जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी केलेल्या प्रयोगाकडे अनेकांचं लक्ष आहे. त्यांनी कातडीवर लेझरचे अतिशय क्षणिक झोत टाकले. प्रकाश शोषून ऊती अणुमात्र तापते, फुगते आणि त्यातून ध्वनिलहर उठते. ती सोनोग्राफीसारख्या यंत्राने ऐकायची. प्रकाशातून आवाज निघतो हे ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्येच दाखवलं होतं. २०१९ मध्ये या गटाने डुशेनच्या मुलांच्या स्नायूत साचलेलं कोलॅजन, म्हणजे तो चिवट वणच, या मार्गाने मोजून दाखवला. मूल बसलेलं असताना काही मिनिटांत काम होतं. प्रकाश फार खोल जात नाही, ही त्याची मर्यादा.

आपल्याकडच्या आईवडिलांसाठी मात्र क्रम वेगळा आहे आणि तो नीट समजून घ्यावा. पहिली तपासणी एमआरआय नव्हे. मुलगा उशिरा चालायला लागला, वारंवार पडतो, मांडीवर हात टेकून उठतो, पोटऱ्या टणक वाटतात, तर आधी रक्तातलं सीपीके हे स्नायूंचं विकर पाहायचं. डुशेनमध्ये ते नेहमीच्या कितीतरी पट, कधी शंभर पटींपर्यंत वाढलेलं असतं. मग जनुकीय तपासणी. अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत एसजीओटी, एसजीपीटी वाढलेलं दिसतं आणि यकृताचा आजार समजून औषधं सुरू होतात. ही विकरं स्नायूंतूनही येतात. मुलगा अशक्त असेल आणि यकृताचे हे आकडे वाढलेले असतील, तर सीपीके तपासा असं डॉक्टरांना जरूर म्हणा. मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, आणि दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेलं आहे.

आणि एमआरआय झालाच, तर नुसता छापील रिपोर्ट घेऊन घरी येऊ नका. मूळ चित्रांची सीडी मागून घ्या, तिच्यावर तारीख घालून जपून ठेवा, आणि पुढचा एमआरआय शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने करून घ्या. या आजारात एकट्या चित्रापेक्षा दोन चित्रांमधला फरक जास्त सांगतो.